गोलकीपरच्या हातातला चेंडू

फुटबॉलच्या नियमपुस्तकातल्या बाराव्या नियमात एक तपशील आहे. गोलकीपरने हात लांब करून उघड्या तळहातावर चेंडू नुसता तोलून धरला, तरी तो त्याच्या ताब्यात आहे असं समजावं. चेंडू छातीशी कवटाळलेला असण्याची किंवा दोन्ही हातांत पकडलेला असण्याची गरज नाही, उघडा तळहात पुरे. इतकं बारीक लिहायची वेळ का यावी, असं कोणी विचारलं तर त्याला ३ मार्च १९९० ची नॉटिंगहॅममधली एक दुपार सांगावी लागते. पुढचंच वाक्य, चेंडू हवेत उडवला किंवा जमिनीवर टप्पा देत असला तरी तो ताब्यातच, हे वाचताना १९७१ चं बेलफास्ट आठवतं. ताब्यातल्या चेंडूसाठी गोलकीपरला कोणी भिडायचं नाही, या वाक्यामागे तर बाविशीतल्या एका तरुणाचा मृत्यू आहे.

हे नियम लंडन-ग्लासगोकडच्या मैदानांवर घडले, पण लागू सगळीकडे झाले. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यातली शाळा सुब्रतो मुखर्जी करंडकाच्या तालुका फेरीत उतरली, तर तिच्या गोलकीपरला तोच बारावा नियम आहे जो वेम्बलीत आहे. मुलांच्या सामन्यांसाठी मैदान लहान करता येतं, वेळ कमी करता येतो, बदली खेळाडू वाढवता येतात. ताब्याची व्याख्या मात्र बदलता येत नाही. या व्याख्येचा इतिहास म्हणजे दीडशे वर्षं चाललेला एक सौदा आहे. खेळाने गोलकीपरला दर वेळी थोडं संरक्षण दिलं, आणि पुढे कधीतरी त्याची किंमत वसूल केली.

हाताची मुभा

डिसेंबर १८६३ मध्ये लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने पहिले तेरा नियम केले, तेव्हा त्यात गोलकीपर नव्हताच. हवेतला चेंडू झेलायची मुभा सगळ्यांनाच होती, तो घेऊन पळायची मात्र कोणालाच नव्हती. पुढच्या काही वर्षांत झेलणं बंद झालं, आणि १८७० मध्ये हात लावणंच बंद झालं. मग लक्षात आलं की गोलासमोर उभ्या राहणाऱ्याला हात बांधून ठेवणं अवघड आहे. १८७१ मध्ये 'गोलकीपर' नियमपुस्तकात आला. आपला गोल वाचवण्यासाठी त्याला हात वापरता येईल, असं ठरलं.

ही सवलत मोठी होती, म्हणून तिची भरपाईही मोठी होती. त्याच्याकडे चेंडू असो वा नसो, आक्रमकाने त्याला खांद्याने धक्का देऊन जाळ्यात लोटणं रीतसर होतं. कॉर्नर आला की एक खेळाडू चेंडूकडे बघायचा आणि दुसरा गोलकीपरकडे. त्या काळात गोलकीपर निवडताना चपळाईइतकंच वजन बघत. शेफील्ड युनायटेडचा विल्यम फोक हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याचं वजन सव्वाशे किलोच्या वर गेलं होतं आणि त्याला हलवणं ही प्रतिस्पर्ध्यांची डोकेदुखी होती.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला लगाम आला. गोलकीपरकडे चेंडू असेल किंवा तो कोणाची वाट अडवत असेल, तरच त्याला धक्का द्यायचा. म्हणजे चेंडू हातात नसताना तो सुरक्षित आणि हातात आला की धोक्यात. आजच्या नियमाच्या हे नेमकं उलटं आहे. तेव्हाच्या खेळाडूंना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला भिडायचं हा खेळाचा मूळ धर्म होता, आणि गोलकीपर त्याला अपवाद का असावा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

किंमत १९१२ मध्ये वसूल झाली. तोपर्यंत गोलकीपरला मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात कुठेही हात वापरता येई. चेंडू हातात धरून दोनच पावलं टाकता येत, पण टप्पे देत कितीही जाता येई. वेल्सचा ली रिचमंड रूझ याने या फटीचा पुरेपूर फायदा घेतला. तो चेंडू आपटत थेट मध्यरेषेपर्यंत जायचा आणि तिथून आक्रमण सुरू करून द्यायचा. स्टोक, एव्हर्टन, संडरलँड अशा संघांकडून खेळलेला हा हौशी खेळाडू प्रेक्षकांचा लाडका होता. १९१२ मध्ये हाताची मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती आखली गेली, आणि हा बदल रूझमुळेच झाला असं आजही सांगितलं जातं. चार वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, सॉमच्या रणभूमीवर तो मारला गेला.

बूट आणि अनवाणी पाय

हे नियम भारतात आले ते गोऱ्या पलटणींबरोबर. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड करंडक सुरू झाला, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स करंडक. रोव्हर्सची पहिली मानकरी वूस्टरशायर रेजिमेंट. जिथे छावणी तिथे फुटबॉल, हे सूत्र विदर्भातही दिसतं. नागपूरजवळची कामठी ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली छावणी, आणि कामठीचा फुटबॉलचा नाद पलटणी गेल्यावरही टिकला.

धक्क्याला परवानगी असलेला हा खेळ भारतीय संघ खेळत होते ते अनवाणी. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या अकरांपैकी फक्त सुधीर चॅटर्जी यांच्या पायात बूट होते. गोलात हिरालाल मुखर्जी होते, तेही अनवाणी. या विजयाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्या दिवशीचा नियम लक्षात घेतला की हिरालाल यांच्या कामाचं वजन कळतं. चेंडू झेलला की समोरच्या बूटवाल्या सैनिकाला त्यांना खांद्याने धक्का द्यायची मुभा होती. चेंडू हातात आल्यावर त्यांचं काम संपत नव्हतं, धोका तिथूनच सुरू होत होता. तेव्हा १९१२ चा बदल व्हायला अजून एक वर्ष होतं, म्हणजे कागदोपत्री त्यांना आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता आला असता.

दोन मृत्यू

५ सप्टेंबर १९३१. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना. सेल्टिकचा गोलकीपर जॉन थॉमसन बावीस वर्षांचा, स्कॉटलंडकडूनही खेळलेला. रेंजर्सचा सॅम इंग्लिश चेंडू घेऊन आत घुसला आणि थॉमसनने त्याच्या पायांत सूर मारला. इंग्लिशचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला. त्याच रात्री थॉमसनचा मृत्यू झाला. चौकशीत तो अपघात ठरला, आणि तो अपघातच होता. इंग्लिशला मात्र प्रेक्षकांचे टोमणे पुढची अनेक वर्षं सोसावे लागले.

दुसरी घटना वेगळी होती. १ फेब्रुवारी १९३६ रोजी संडरलँडच्या रोकर पार्कवर चेल्सीविरुद्धचा सामना ३-३ असा सुटला. संडरलँडचा गोलकीपर जिमी थॉर्प खाली पडून चेंडूवर पालथा झालेला असताना त्याला डोक्यावर आणि छातीवर लाथा बसल्या. त्याने सामना पूर्ण केला, घरी गेला, कोसळला, आणि ५ फेब्रुवारीला वारला. तोही बावीस वर्षांचाच होता. त्याला मधुमेह होता आणि त्या मारानंतर तो बळावला. त्या हंगामात संडरलँडने लीग जिंकली आणि थॉर्पचं पदक त्याच्या पत्नीला दिलं गेलं.

थॉमसनच्या वेळी चेंडू कोणाच्याच ताब्यात नव्हता, दोघंही त्यासाठी झेपावले होते. थॉर्पच्या वेळी चेंडू गोलकीपरकडे होता आणि तरी पाय चालत राहिले. त्यामुळे थॉर्पनंतर नियम बदलला. गोलकीपरच्या हातांत चेंडू असताना त्याच्यावर पाय उगारायचा नाही, असं ठरलं. 'ताबा' या कल्पनेला ढालीचं रूप आलं ते इथे. तोवर ताबा म्हणजे धक्का द्यायला परवाना होता. आता निदान पायांपुरतं तरी तो संरक्षण झाला. खांदा मात्र मोकळाच राहिला.

वेम्बलीतले तीन मे

खांद्याचा हिशोब पन्नाशीच्या दशकात वेम्बलीवर एफए कपच्या ओळीने तीन अंतिम सामन्यांत मांडला गेला, आणि तिन्ही सामने मे महिन्यातले होते.

१९५६ मध्ये मँचेस्टर सिटीचा बर्ट ट्राउटमन बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायांत झेपावला आणि मानेवर आदळला. ट्राउटमन हा जर्मन, युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आलेला. बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून उरलेली सतरा मिनिटं तो तसाच खेळला. सिटीने ३-१ अशी बाजी मारली, आणि काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत कळलं की त्याची मान मोडली होती.

१९५७ मध्ये सहाव्याच मिनिटाला ॲस्टन व्हिलाचा पीटर मॅकपारलंड मँचेस्टर युनायटेडच्या रे वुडवर धडकला. चेंडू वुडच्या हातांत होता. त्याच्या गालाचं हाड मोडलं. गोलात बचावपटू जॅकी ब्लँचफ्लॉवरला उभं करावं लागलं. मॅकपारलंडने पुढे दोन गोल केले आणि व्हिला २-१ ने जिंकली.

१९५८ मध्ये पुन्हा युनायटेड, आणि या वेळी गोलात हॅरी ग्रेग. तीन महिन्यांपूर्वी म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू गेले होते. ग्रेग वाचला होता आणि जळत्या विमानाकडे परत जाऊन त्याने माणसं बाहेर काढली होती. सगळ्या देशाची सहानुभूती त्याच्या संघाकडे होती. उत्तरार्धात ग्रेग उंच आलेला चेंडू पकडत असताना बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने त्याला चेंडूसकट जाळ्यात लोटलं. पंचांनी गोल दिला. बोल्टन २-० ने जिंकली. तो फाउलच होता, असं लॉफ्टहाउसने पुढे स्वतःच मान्य केलं.

तिथे पंच चुकले असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या हातात जे पुस्तक होतं त्यात गोलकीपरने चेंडू धरलेला असताना धक्का देणं हा गुन्हा नव्हता. धक्का कसा आणि किती जोराचा, एवढाच प्रश्न होता. युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत पंच तोच नियम वेगळा वाचत. तिथे चेंडू धरलेल्या गोलकीपरला स्पर्श झाला की शिट्टी वाजे. पुस्तक एक, पण समुद्र ओलांडला की ताब्याचा अर्थ बदलायचा. टीव्हीवर वेम्बली दिसू लागल्यावर आणि इंग्लिश क्लब युरोपीय स्पर्धांत खेळू लागल्यावर हा फरक टिकणं कठीण होतं. खांद्याचा धक्का मैदानावरून हळूहळू गेला, पुस्तकातून त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

याच काळात भारताचे गोलकीपर ऑलिंपिकमध्ये खेळत होते. १९४८ मध्ये लंडनला के. व्ही. वरदराज, आणि फ्रान्सविरुद्ध १-२ असा हातचा गेलेला सामना. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. त्या संघात पीटर थंगराज यांच्याबरोबर दुसरे गोलकीपर होते एस. एस. नारायण, माटुंग्यात वाढलेले, मुंबईत कॅलटेक्स आणि टाटांकडून खेळलेले. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघातही ते होते. २०२१ मध्ये ठाण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या पिढीला मुंबईच्या कूपरेजवर एक पद्धत आणि परदेशी पंचांसमोर दुसरी, अशा दोन्हींची तयारी ठेवावी लागे.

चलाखी

अंगावरचे धक्के कमी होऊ लागले तसा प्रश्न बदलला. आता प्रश्न असा होता की चेंडू हातातून सुटून पायाला लागेपर्यंतच्या क्षणात तो कोणाचा? १५ मे १९७१ रोजी बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंड आणि इंग्लंड यांचा सामना होता. इंग्लंडचा गॉर्डन बँक्स किक मारण्यासाठी चेंडू हवेत सोडत होता. तेवढ्यात जॉर्ज बेस्टने पाय घालून चेंडू त्याच्या डोक्यावरून उडवला आणि धावत जाऊन हेडरने जाळ्यात टाकला. पंच ॲलिस्टर मॅकेंझी यांनी गोल नाकारला. बेस्टचे चाहते आजही हळहळतात, पण पंचांचं मत पुढे नियम झालं. गोलकीपर चेंडू सोडत असताना त्यावर पाय टाकणं, किंवा त्याला तो सोडू न देणं, हे दोन्ही आता गुन्हे आहेत.

३ मार्च १९९० ला मात्र निकाल उलटा लागला. मँचेस्टर सिटीचा अँडी डिबल एका तळहातावर चेंडू ठेवून पुढे कुठे टाकावा हे बघत उभा होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा गॅरी क्रॉसबी मागून आला, डोक्याने चेंडू तळहातावरून पाडला आणि रिकाम्या गोलात मारला. त्याने गोलकीपरला स्पर्शही केला नव्हता. पंचांनी गोल दिला आणि फॉरेस्ट १-० ने जिंकली. आजच्या पुस्तकाप्रमाणे तो गोल होऊच शकत नाही.

किंमत

एवढं संरक्षण मिळाल्यावर गोलकीपरच्या हातात एक नवं शस्त्र आलं: वेळ. ज्याला कोणी हात लावू शकत नाही तो हवा तितका वेळ थांबू शकतो. १९३१ मध्येच दोनऐवजी चार पावलांची सवलत मिळाली होती, आणि पावलं मोजण्यातून पळवाटा निघत गेल्या. १७ जून १९९० ला पालेर्मोत आयर्लंड आणि इजिप्त यांच्यातला विश्वचषकाचा सामना ०-० असा सुटला. बचावपटू गोलकीपरकडे चेंडू देई, गोलकीपर उचलून धरे, परत सोडे, परत घेई. प्रेक्षक कंटाळले आणि आयफॅब, म्हणजे नियम ठरवणारं मंडळ, सावध झालं. १९९२ मध्ये नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. १९९७ मध्ये पुस्तक नव्याने लिहिलं गेलं आणि सहकाऱ्याच्या थ्रो-इनलाही तीच बंदी लागली. २००० मध्ये पावलांची मोजणी गेली आणि सहा सेकंदांची मर्यादा आली.

सहा सेकंदांचा नियम क्वचितच लागला. शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, तीही गोलासमोर. इतक्या छोट्या उशिरासाठी इतकी मोठी शिक्षा द्यायला पंच धजावत नसत. मार्च २०२५ मध्ये आयफॅबने बेलफास्टच्या बैठकीत तोड काढली. मर्यादा आठ सेकंदांची, शिक्षा कॉर्नरची, आणि शेवटचे पाच सेकंद पंचांनी हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. २०२५-२६ च्या हंगामापासून हा बदल लागू झाला.

ढालीची दुसरीही बाजू होती. १९८२ च्या विश्वचषकात सेव्हिलमध्ये जर्मन गोलकीपर शूमाखर फ्रान्सच्या बाटिस्टोंवर आदळला. बाटिस्टोंचे दात पडले, तो बेशुद्ध झाला आणि पंचांनी साधा फाउलही दिला नाही. आपल्याकडे ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरमध्ये फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना होता. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिली आघाडीवीर क्रिस्टियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलकीपरवर आदळून कोसळला आणि वारला. चेंडू कोणाच्याही हातात नसलेला हा क्षण अजूनही खेळातला सगळ्यांत धोक्याचा आहे. गोलकीपर आणि आघाडीवीर दोघंही एकाच चेंडूकडे झेपावतात, आणि तिथे ताब्याची व्याख्या दोघांपैकी कोणालाच वाचवत नाही.

म्हणून तर मोठ्या गोलकीपरचं मोठेपण ताबा लवकर मिळवण्यात दिसतं. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, १९८३ ते १९८६ भारताचे कर्णधार. त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने १९८३ मध्ये संतोष करंडक बंगालबरोबर वाटून घेतला आणि १९८४ मध्ये एकट्याने जिंकला. त्या दुसऱ्या स्पर्धेत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. त्यांची बहुतेक कारकीर्द चार पावलांच्या काळातली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज मैदानावर

आजची व्याख्या थोडक्यात अशी. चेंडू दोन हातांमध्ये असेल, किंवा हात आणि जमीन, हात आणि अंग यांच्यामध्ये असेल, तर तो ताब्यात. जमिनीवर थांबलेल्या चेंडूवर एक बोट टेकलं तरी ताब्यात. उघड्या तळहातावर, टप्प्यावर, हवेत उडवलेला, तोही ताब्यात. अपवाद एकच. जोराचा फटका अडवताना चेंडू हातांना लागून उसळला, तर तो मोकळा, आणि आघाडीवीराने त्यावर पुन्हा फटका मारला तर तो गोल.

सगळे वाद या अपवादाच्या आसपास होतात. फटका अडवून चेंडू खाली पडला, गोलकीपर त्यावर झेपावला, आणि त्याच क्षणी समोरच्याचा पाय आला. बोट आधी टेकलं की बूट आधी पोहोचला? मोठ्या स्पर्धांत त्यासाठी कॅमेरे आहेत. तालुक्याच्या सामन्यात क्रीडाशिक्षक एकटेच पंच असतात, वीस-पंचवीस पावलांवरून बघतात आणि लगेच निर्णय देतात. प्रशिक्षक मुलांना सांगतात की शंका असेल तर पाय मागे घ्या. नियम नेमका कुठे लागेल हे सांगता येत नाही, पण पाय मागे घेणाऱ्याने कोणाचं डोकं फोडलं असं कधी होत नाही.

तालुक्याच्या अशा सामन्यात गोलात उभ्या असलेल्या पोराच्या कोपरांना मुरूम लागून खरचटलेलं असतं, चेंडू छातीशी असतो आणि समोर आघाडीवीर उभा असतो. हिरालाल मुखर्जींच्या काळात तो त्याला लोटू शकला असता, जिमी थॉर्पच्या काळात लाथाडू शकला असता. आता त्याला हातही लावता येत नाही. दुसरीकडे रूझसारखं मध्यरेषेपर्यंत जाणं, चार पावलं टाकून थांबणं, बचावपटूशी चेंडूची देवाणघेवाण करत सामना संपवणं, हे सगळं पोराकडून काढून घेतलेलं आहे. आठ सेकंद चेंडू पूर्ण त्याचा. त्यात कोणी पाय घातला तर दोष पाय घालणाऱ्याचा, आणि नववा सेकंद उजाडला तर दोष त्याचा.